दुर्गमतेचा इतिहास : नंदिगड्डे आणि जोयड्याच्या डोंगरातील गावे

डोंगरातील जुनी गावे पाहावयास निघालेला सुशिक्षित मनुष्य बहुधा दोन शब्द शिदोरीसारखे बरोबर घेऊन जातो. एक 'दुर्गम' आणि दुसरा 'आदिम'. गाव दुर्गम आहे म्हणून ते आदिम राहिले, आणि ते आदिम आहे म्हणून पाहण्यासारखे, असा सरळ हिशेब त्याने आधीच मांडलेला असतो. या हिशेबात इतिहासाला जागा उरत नाही. जेथे काही घडलेच नाही तेथे इतिहास कसला, असे तो मनाशी म्हणतो आणि झोपडी, कंद, देवराई व लुगड्याची गाठ यांची टिपणे घेऊन परत येतो. प्रस्तुत लेखात आम्ही याच हिशेबाची तपासणी करू इच्छितो. आमचे म्हणणे एवढेच की, दुर्गमता ही नेहमीच भूगोलाची देणगी नसते. पुष्कळदा ती इतिहासाची कृती असते. हे ध्यानात घेतले नाही तर त्या गावांचे केवळ वर्णन चुकते असे नव्हे, तर तेथील माणसांवर अन्यायही होतो.

या भ्रमाचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील माया लोकांचे आहे. १८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार होंडुरास, ग्वातेमाला व चियापास या प्रदेशांत शिरले आणि कोपान, पालेंके येथील भग्न नगरांची वर्णने व चित्रे त्यांनी जगापुढे ठेवली. तेव्हापासून डोंगरात व अरण्यात राहणाऱ्या माया खेड्यांकडे पाहण्याची एक रीत पडली : ही खेडी म्हणजे त्या लुप्त नगरांचा जिवंत अवशेष. चियापासच्या अरण्यातील लाकान्दोन लोक तर बाहेरच्या स्पर्शापासून सर्वस्वी अलिप्त राहिलेले शुद्ध माया मानले गेले. पुढे संशोधकांनी स्पॅनिश अमदानीतील कागद चाळले, तेव्हा चित्र पालटले. त्या अरण्यातील मूळचे लाकान्दोन १६९५ च्या स्पॅनिश मोहिमेनंतर जिंकले जाऊन काही दशकांतच नामशेष झाले होते. आज लाकान्दोन म्हणून ओळखले जाणारे लोक हे युकातान व पेतेन या बाजूंनी स्पॅनिश सत्तेपासून दूर सरकत आलेल्या कुटुंबांचे वंशज होत. ज्यांना आपण काळाबाहेरचे समजत होतो ते खरोखर एका विशिष्ट काळाचे, परकीय विजयाच्या काळाचे, अपत्य ठरले.

उंच डोंगरांवरील माया खेड्यांविषयीही असेच झाले. आपापली जमीन, आपापला वेष आणि आपापले देवस्थान यांत बंदिस्त असलेली ही खेडी कोलंबसपूर्व काळापासून तशीच चालत आली आहेत अशी समजूत होती. एरिक वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एका निबंधात मेक्सिकोकडील खेडी आणि जावातील खेडी यांची तुलना करून दाखविले की, गावाचा हा बंदिस्तपणा पुष्कळ अंशी वसाहती राज्यकारभाराने घडविला. विखुरलेली वस्ती गोळा करून नवी गावे बसविणे, कर व वेठ यांची जबाबदारी साऱ्या गावावर टाकणे, जमिनी बळकावून माणसांना कडेला लोटणे, या दाबाखाली गावांनी स्वतःभोवती कुंपण घातले. ते कुंपण पाहणाऱ्यास प्राचीन वाटले, एवढेच.

हा धडा घेऊन आपण सह्याद्रीत यावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, ज्याचे जुने नाव सुपे, हा क्षेत्रफळाने त्या जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. सुमारे १,९०० चौरस किलोमीटरांच्या या मुलखात २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५२,००० माणसे होती. पश्चिमेस गोवा, उत्तरेस बेळगाव जिल्हा, आणि मधून काळी नदी, जी येथेच डिग्गीच्या बाजूस उगम पावून कारवारजवळ समुद्रास मिळते. नंदिगड्डे हे याच तालुक्यातील गाव. गुंद आणि उळवी ही त्याच टापूतील नावे. 'गद्दे' म्हणजे कन्नडात भाताचे खाचर, आणि या जिल्ह्यात या शब्दाने संपणारी ग्रामनामे पुष्कळ आढळतात. गावाच्या नावाचा उत्तरार्ध याच शब्दाशी नाते सांगत असावा असे वाटते. तसे असेल तर अरण्यातील गावाचे नावच शेताची ग्वाही देते, हे येथे नोंदण्यासारखे आहे.

या बाजूस जाणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या दरीतल्या पोफळीच्या बागा, त्यांत चढलेले मिरवेल, आणि त्या बागांची निगा राखणारी हव्यक घराणी. थोडे आत गेले की कुणब्यांच्या वाड्या लागतात. महाराष्ट्रात कुणबी म्हटले म्हणजे नांगर धरणारा देशावरचा अथवा कोकणातला शेतकरी डोळ्यांपुढे येतो. येथला कुणबी त्याहून निराळा. तो डोंगरउतारावर आणि अरण्याच्या कडेने राहणारा, भाताच्या लहानशा खाचराबरोबर कंदांची लागवड करणारा, मध, वेत व वनस्पती यांचे बारीक ज्ञान असणारा आहे. त्याची बोली कोंकणी असून तिच्यात मराठीची भर आहे. गोव्यातील कुणबी, गावडे व वेळीप यांच्याशी त्याचे साम्य लपत नाही. स्त्रियांची खांद्यावर गाठ मारून लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातील मण्यांच्या अनेक माळा, शिगम्यातील खेळ, ही सर्व गोव्याकडची आठवण करून देतात. आम्ही या भागात फिरलो तेव्हा आमच्या मनात एकच प्रश्न घोळत होता : हे सारे येथे केव्हापासून आहे, आणि का?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे प्रथम हे दिसते की हा मुलूख कोणासाठीच निव्वळ जन्मभूमी नव्हता. तो अनेकांसाठी आश्रयभूमी होता. नंदिगड्ड्याच्या परिसरातील उळवी घ्या. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या चळवळीवर संकट कोसळले तेव्हा शरणांचा एक मेळा पश्चिमेकडे अरण्यात आला, आणि बसवेश्वरांचा भाचा चन्नबसवण्णा याने उळवी येथे देह ठेवला अशी परंपरा आहे. त्याच्या समाधीवरील यात्रेस माघ महिन्यात आजही दूरदूरच्या गावांहून भाविकांच्या बैलगाड्या येतात. ज्या जागेस आपण 'जगापासून तुटलेली' म्हणतो ती कन्नड भक्तिपरंपरेच्या नकाशावर आठशे वर्षे ठळकपणे मांडलेली आहे.

दुसरे उदाहरण सिद्दींचे. पोर्तुगीजांनी व इतरांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. गोव्यातील धन्यांच्या तावडीतून सुटून ते घाट चढून आले आणि हल्याळ, यल्लापूर व जोयडा या भागांतील अरण्यांत स्थिरावले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. तिसरे उदाहरण कुणब्यांचे. पूर्वज गोव्याहून आले असे कुणबी परंपरा सांगते. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. या काळात देव व कुटुंब घेऊन सीमा ओलांडणाऱ्या गोमंतकीयांचा इतिहास सर्वपरिचित आहे. सारस्वत घराण्यांच्या स्थलांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले; ज्यांच्यापाशी ना बखर ना वतनाचा कागद, अशा कुणब्यांच्या स्थलांतराविषयी फारच थोडे. कुळकथा हा कागद नव्हे हे खरे, तथापि बोली, वेष आणि देवाचार हे तिन्ही साक्षीदार एकाच दिशेस बोट दाखवितात तेव्हा त्या कथेकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आश्रयाचा हा ओघ एकाच दिशेने वाहत होता असेही नाही. घाटमाथ्यावर सोंद्याचे राज्य होते. १७६४ च्या सुमारास हैदरअलीने ते जिंकले तेव्हा सोंद्याचा राजा घाट उतरून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयास गेला. म्हणजे खालची रयत वर येत होती आणि वरचा राजा खाली जात होता. तिनई व डिग्गी या घाटांतून बैलांचे तांडे चालत. घाटमाथ्याच्या मिऱ्यांसाठी इंग्रज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच कारवारला वखार घालून बसले होते. पुढे १८५८-५९ मध्ये सुप्याच्या सरहद्दीवर इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला, त्यात फडणीस बंधूंच्या जोडीने सिद्दी बस्त्याँवसारखा अरण्यवासी पुढारीही होता. ज्या अरण्यातून व्यापारी, बंडखोर, यात्रेकरू आणि पळालेले गुलाम सतत ये-जा करीत होते, त्यास अलिप्त कसे म्हणावे?

मग आज जी दुर्गमता प्रत्यक्ष अनुभवास येते ती कोठून आली? तिचा आरंभ आमच्या मते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सापडतो. येथील डोंगरी शेतीस 'कुमरी' म्हणत. हिवाळ्यात उतारावरील झाडझाडोरा तोडावयाचा, उन्हात वाळू द्यावयाचा, पावसापूर्वी जाळावयाचा, आणि त्या राखेत नाचणी व इतर धान्ये पेरावयाची. एकदोन पिके काढून ती जागा अनेक वर्षे पडीत ठेवावयाची, म्हणजे रान पुन्हा वाढते. माया लोकांची 'मिल्पा' शेती याच जातीची. फरक एवढाच की तेथे राखेत मका, घेवडा व भोपळा वाढतो. कंपनी सरकारास सागवान हवा होता, जहाजांसाठी आणि नंतर लोहमार्गांसाठी. त्याच्या दृष्टीने कुमरी म्हणजे संपत्तीची होळी. मद्रास इलाख्याचे पहिले वनसंरक्षक क्लेगहॉर्न यांनी तिच्याविरुद्ध जोराने लिहिले, आणि १८६० च्या सुमारास कानडा जिल्ह्यात परवानगीवाचून कुमरी करण्यास बंदी झाली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यास जोडला गेला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची पकड आणखी घट्ट केली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच सरकारने या जिल्ह्यातील पोफळीच्या बागाइतदारांना बागेच्या खतासाठी लागणारा पाला लगतच्या जंगलातून तोडण्याची सवलत दिली. ती 'बेट्ट' जमिनींच्या रूपाने पुढेही टिकली. बागाइतदार सारा भरीत होता, अर्ज लिहीत होता, त्याचा हक्क कागदावर चढला. कुमरी करणाऱ्याची जागा दर एकदोन वर्षांनी बदले. जी जमीन बदलते तिची नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही तिच्यावर हक्क नाही. पाला तोडणाऱ्या दोघांपैकी एक हक्कदार ठरला आणि दुसरा अतिक्रमक. एकाच अरण्यातील दोन शेजाऱ्यांमध्ये हे अंतर निसर्गाने पाडले नाही, दप्तराने पाडले.

त्यानंतरचे शतक या प्रदेशास ओस करीत गेले. १९०१ ते १९२१ या वीस वर्षांत उत्तर कानडा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेचार लाखांवरून चार लाखांवर आली. हिवताप आणि १९१८ चा इन्फ्ल्युएंझा यांनी घाटमाथ्याची वस्ती पोखरली. ओस पडलेल्या जागी रान वाढले, आणि नंतर येणाऱ्यांस ते रान अनादि वाटले. दांडेलीस १९५५ मध्ये कागदाचा कारखाना स्थापन झाला व जंगलातील बांबू तिकडे जाऊ लागला. १९५६ मध्ये दांडेलीचे अभयारण्य जाहीर झाले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाराष्ट्राने कारवार, हल्याळ व सुपे यांवर हक्क सांगितला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापुढे त्याचा ऊहापोह झाला. त्या वादात कुणब्यांची बोली दोन्ही बाजूंनी मोजली गेली. ती बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र फारसे कोणी ऐकले नाही.

यानंतरचा आघात पाण्याचा. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ मध्ये पुरे झाले. ज्यावरून तालुक्यास नाव मिळाले ते सुपे गाव, त्याची बाजारपेठ आणि भोवतालची खेडी जलाशयाखाली गेली. विस्थापितांची वसाहत रामनगर येथे झाली आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. बाजाराचे गाव बुडाल्यावर त्याच्याभोवतीच्या वाड्या दूर पडल्या यात आश्चर्य ते काय? त्याच वर्षी अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेली व अणशी मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव मिळाले. वाघाचे रक्षण व्हावयासच हवे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु राखीव वनाच्या पोटातील गावास रस्ता, वीज, शाळेची इमारत यांतील प्रत्येक गोष्टीसाठी वनखात्याच्या परवानगीची वाट पाहावी लागते. तेव्हा त्या गावाच्या दुर्गमतेचे कारण डोंगराच्या उंचीत शोधणे हास्यास्पद आहे.

या सर्व उलथापालथीत कुणब्यांनी जे टिकवून धरले त्याचा विचार केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ते म्हणजे कंद. कणगी, कोनफळ, सुरण, अळवाच्या जातीतील 'मुडली', आणि रताळी, असे कितीतरी प्रकार येथील परड्यांत लावले जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी लावणी आणि मार्गशीर्ष-पौषात काढणी. अलीकडच्या काळात जोयड्यास कंदांचा मेळा भरू लागला आहे. कोणत्या कंदास कसली माती मानवते, कोणता किती दिवस टिकतो, कोणता कसा शिजवावा, याचे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांपाशी आहे.

जेम्स स्कॉट या अभ्यासकाने २००९ च्या आपल्या ग्रंथात आग्नेय आशियातील डोंगरी लोकांविषयी एक लक्षणीय विचार मांडला आहे. धान्य एकाच वेळी पिकते, उभे दिसते, मोजता येते, म्हणून राजसत्तेस ते प्रिय. कंद जमिनीत दडलेला असतो, हवा तेव्हा काढता येतो, म्हणून सत्तेपासून दूर राहू पाहणाऱ्यास तो प्रिय. हा विचार जोयड्यास जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे, कारण येथील कुणबी भातही पिकवी आणि त्यावर साराही देई. तथापि कुमरी गेली, नाचणीचे उतार गेले, तरी परसातील चार हात जमिनीत पोट भरण्याची सोय कंदांनी राखली, एवढे म्हणावयास हरकत नाही. आणखी एक मौज अशी की, या तथाकथित अस्पर्श स्वयंपाकघरातील रताळे व मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. लाकान्दोनांच्या पूर्वजांना ज्या विजययुगाने अरण्यात लोटले, त्याच युगाने मिरची सह्याद्रीत आणली. आदिम म्हणून आपण ज्या ताटाचे छायाचित्र घेतो, त्यात चारशे वर्षांचा जगाचा इतिहास वाढलेला असतो.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. १९६५ मध्ये लोकूर समितीने अनुसूचित जमाती ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच, आणि मागासलेपणा. २००३ मध्ये गोव्यातील कुणबी, गावडे व वेळीप यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. त्याच वर्षी उत्तर कन्नडातील सिद्दींनाही मिळाले. जोयड्याच्या कुणब्यांना ते मिळाले नाही, आणि ते ही मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. घाटाच्या एका बाजूचा कुणबी जमात, दुसऱ्या बाजूचा नव्हे. मधली रेषा मात्र राज्याच्या सीमेची. यातून एक विलक्षण प्रसंग उद्भवतो. ज्या माणसांचा इतिहास स्थलांतराचा, बंदीचा आणि विस्थापनाचा आहे, त्यांना आपला हक्क मिळविण्यासाठी आपण आदिम आहोत, अलिप्त आहोत, बुजरे आहोत असे सिद्ध करावे लागते. इतिहासाने जे त्यांच्यावर लादले तेच त्यांनी आपला स्वभाव म्हणून सांगावयाचे! त्यांचा दावा खरा आहे, परंतु त्याचे खरे कारण कसोटीत लिहिलेले नाही. त्यांची जमीन दप्तरातून गेली, शेतीची रीत कायद्याने गुन्हा ठरली, बाजार पाण्याखाली गेला. न्यायाचा पाया हा असावयास हवा.

येथे कोणी आक्षेप घेईल की जुन्या अवशेषांना काहीच मोल नाही काय? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर खेड्यापाड्यांतील रूढी व देवस्थाने यांतूनच प्राचीन इतिहास वाचला. आमचे उत्तर असे की, कोसंबींनी पायी हिंडून जे पाहिले ते काळ, मार्ग आणि उत्पादनाची साधने यांशी जोडून पाहिले. रूढी टिकली तर ती का टिकली, हे विचारले. अवशेष हा पुरावा होतो तो या प्रश्नामुळे. प्रश्नावाचून तो केवळ कौतुकाची वस्तू.

मराठीच्या अध्यापकांपुढे आणि परिषदांपुढे म्हणून एक साधे काम पडले आहे. सीमाभागातील या गावांविषयी आपण भाषेच्या वादासाठी पुष्कळ कागद जमविला; गावांच्या इतिहासासाठी तो पुरेसा जमविला नाही. वाड्यांची व घाटवाटांची नावे, कुळांच्या स्थलांतरकथा, कुमरीची परिभाषा, बुडालेल्या सुप्याच्या आठवणी, कंदांची नावे व त्यांचे स्वयंपाक, हे सारे मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत एकत्र विखुरलेले आहे. ते एका भाषेच्या मालकीचे म्हणून गोळा करू लागलो तर हाती निम्मेच लागेल. सुप्याचा बाजार ज्यांनी पाहिला ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि हे काम फार काळ थांबणारे नाही. नंदिगड्ड्यास वा तशा कोणत्याही डोंगरी गावास जाणाऱ्याने 'हे किती जुने?' हा प्रश्न थोडा बाजूस ठेवावा आणि 'हे असे केव्हापासून?' एवढे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाहुणाच देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र गावकऱ्यासच द्यावे लागते.